आपत्तीआधी (भाग 6) : आपल्या दाराचा आकडा

आषाढात पावसाने जोर धरला की कोल्हापुरात एकच प्रश्न फिरू लागतो, "राजारामला किती?" राजाराम म्हणजे कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा. पंचगंगेची पातळी तिथे मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट ही धोका पातळी. सांगलीकरांची नजर असते कृष्णेवरच्या आयर्विन पुलाकडे. तिथे हेच आकडे 40 आणि 45. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष पावसाळ्यात ही पातळी रोज अनेकदा जाहीर करतो. गेल्या भागात आपण हवामान खात्याचे पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग समजून घेतले. ते आभाळाचं सांगतात, हा आकडा नदीचं सांगतो.

आपल्या दाराचं मात्र आपणच काढावं लागतं.

सांगलीच्या सूर्यवंशी प्लॉटमध्ये, दत्तनगरात, कर्नाळ रस्त्याकडेला पाणी शिरतं ते इशारा पातळी गाठायच्या आतच. तिथल्या घराने 40 फुटांची वाट पाहिली तर उशीर झालाच म्हणायचा. याच शहरात धोका पातळी ओलांडली तरी पाय ओला होत नाही, अशाही गल्ल्या आहेत. म्हणून प्रत्येक घराला स्वतःचे दोन आकडे ठाऊक हवेत. पुलाजवळ किती फूट झाले की पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं, हा पहिला. किती फुटांना बाहेर पडायचा रस्ता बंद होतो, हा दुसरा. माझ्या मते दुसरा जास्त मोलाचा. घर कोरडं आणि रस्ता पाण्याखाली, ही अवस्था फसवी असते. घरात पाणी नाही म्हणून माणूस थांबतो आणि मग होडीशिवाय सुटका नसते. करवीर तालुक्यातल्या चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना हे सांगावं लागत नाही.

हे आकडे कुठे मिळतील? 2005च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा करणं आणि दरवर्षी तपासणं बंधनकारक केलं आहे. तो करणाऱ्या जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आराखड्यात पूरप्रवण गावं, निवाऱ्याच्या जागा, बचावाची साधनं यांची माहिती असते आणि तो जिल्ह्याच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतो. जलसंपदा विभागाच्या पूररेषाही पाहाव्यात. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्यानंतर गल्लीतल्या जाणत्या माणसांना विचारावं. ओट्याच्या कुठल्या पायरीला पाणी लागलं होतं, हे त्यांना वर्षासकट आठवतं.

पण त्या आठवणीवर सगळा भार टाकू नये. 2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीत नेमकं तेच झालं. 2005च्या पुरात आपल्याकडे पाणी आलं नव्हतं, या भरवशावर कितीतरी कुटुंबं घरातच राहिली. या वेळी आयर्विनजवळची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली. भिंतीवरची जुनी खूण म्हणजे तोवरचा सर्वांत मोठा पूर, एवढंच. नदीने स्वतःवर घातलेली ती मर्यादा नव्हे.

आता वरच्या अंगाचे आकडे. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून 1,428 क्युसेक पाणी भोगावतीत येतं. तेच पुढे पंचगंगेत. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे 28 लिटर. सुमारे 11,574 क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी खाली येतं. हा हिशेब लक्षात असला की कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी वाचताना तिचं वजन कळतं.

शिरोळ तालुक्यात तर एका नदीवर लक्ष ठेवून भागत नाही. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेच्या पाण्याला पुढे वाट मिळत नाही, ते मागे फुगतं. पाऊस उघडला तरी पाणी का उतरत नाही, याचं कारण पुष्कळदा या फुगीत असतं. इथल्या लोकांनी राजाराम आणि आयर्विन दोन्हीकडचे आकडे पाहायला हवेत.

आणि आकड्याच्या आधी त्याची वेळ पाहा. मोबाईलवर पुढे ढकललेली पातळी कालची असू शकते. "धरण फुटलं" असा निरोप आला तर जिल्हा नियंत्रण कक्षाच्या 1077 क्रमांकावर विचारा, मगच तो दुसऱ्याला पाठवा. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं सचेत हे ॲप आपल्या जिल्ह्यापुरते इशारे देतं. जीव अडकला असेल तर 112.

आपले दोन्ही आकडे दाराच्या आतल्या बाजूला ठळक लिहून ठेवा, घरातल्या पोरांनाही वाचता येतील असे. गोठा असेल तर तिसराही लिहावा लागेल, पहिल्या दोन्हींपेक्षा बराच कमी. दावणीला म्हैस असताना शेतकरी घर सोडत नाही आणि जनावरं हलवायला माणसांपेक्षा जास्त वेळ लागतो. पुढच्या भागात त्या तिसऱ्या आकड्याविषयी.