उच्चाराचे गुण



या वर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. नववीतील एक विद्यार्थिनी पाणीटंचाईवर फार मुद्देसूद बोलली. तिच्या घरी हिंदी बोलतात. त्यामुळे 'पावसाळा' तिच्या तोंडी 'पावसाला' झाला आणि 'चार' व 'चांगले' या शब्दांतील 'च' अगदी सारखाच आला. उच्चारासाठी १० गुण होते, त्यांपैकी आम्ही ३ दिले. दोन गुणांनी तिचे बक्षीस हुकले. नंतर गुणपत्रक पुन्हा पाहिले, तेव्हा दिसले की तिच्या मुद्द्यांनाही आम्ही कमीच गुण दिले होते. मुद्दे तर उत्तम होते! मग असे का झाले?

या प्रश्नावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. तेथील विद्यापीठांत परदेशातून आलेले अनेक तरुण शिकवतात. त्यांचे इंग्रजी कळत नाही अशा तक्रारी वाढल्या आणि १९८० च्या दशकापासून अनेक राज्यांनी अशा शिक्षकांच्या इंग्रजीची परीक्षा घेण्याचे कायदे केले. जॉर्जिया विद्यापीठाचे डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६२ विद्यार्थ्यांना टेपवर व्याख्यान ऐकवले. आवाज एका अमेरिकन स्त्रीचाच होता. मात्र काहींसमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र ठेवले आणि काहींसमोर चिनी चेहऱ्याच्या स्त्रीचे. चिनी चेहरा पाहणाऱ्यांना तोच आवाज परदेशी धाटणीचा वाटला आणि समजले आहे का हे तपासणाऱ्या चाचणीतही ते मागे पडले. म्हणजे दोष कानात नव्हता, डोळ्यांनी कानाला आधीच सांगून ठेवले होते.

शिकागो विद्यापीठातील शिरी लेव्ह-आरी आणि बोआझ कायझर यांचा २०१० चा प्रयोग आम्हाला अधिक लागू पडतो. 'जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो' अशी वाक्ये वेगवेगळ्या लोकांकडून वाचून घेतली. वाक्य बोलणाऱ्याचे नाही, तो फक्त वाचून दाखवतो आहे, हे ऐकणाऱ्यांना माहीत होते. तरीही परदेशी धाटणीने वाचलेली वाक्ये त्यांना कमी खरी वाटली. कारण असे की, ऐकायला जे किंचित कष्टाचे, त्यावर मन लवकर विश्वास ठेवत नाही आणि कष्टाचा दोष बोलणाऱ्याच्या माथी मारते. प्रयोगाचा हेतू आधी सांगितला, तेव्हा सौम्य धाटणीबाबत लोक सावरले, ठळक धाटणीबाबत नाही. आम्हाला तर कोणी सावधही केले नव्हते.

एक दिलासाही आहे. २००४ साली क्लार्क आणि गॅरेट यांनी दाखवले की परक्या धाटणीचे बोलणे सुरुवातीला जड जाते, पण साधारण एका मिनिटात कान सरावतो. आपले परीक्षक मात्र पहिल्या वाक्यालाच पेन उचलतात.

आता थोडे इतिहासात. बीबीसीने १९२६ साली निवेदकांचे उच्चार ठरवण्यासाठी समिती नेमली. १९३० पासून तिचे अध्यक्ष होते जॉर्ज बर्नार्ड शॉ, जन्माने आयरिश आणि बोलण्यातही आयरिशच. याच शॉंच्या 'पिग्मॅलियन'चे पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' केले, हे पालकांना आठवत असेलच. १९४१ साली यॉर्कशायरचे विल्फ्रेड पिकल्स आपल्या गावाकडच्या ढंगात राष्ट्रीय बातम्या वाचू लागले, तेव्हा श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातम्या त्याच होत्या, आणि हा तर त्यांच्याच देशातला माणूस!

आपण इंदूरकरांनी हे समजून घ्यायला हवे. पुण्याचे पाहुणे आपल्या मराठीवर हसतात. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. वर्गात 'ज्ञान' मराठी पद्धतीने म्हटले की मुले खिदळत आणि घरी 'ग्यान' म्हटले की आजी रागवत असे. हे विसरून आम्ही परीक्षकाच्या खुर्चीत बसलो.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही प्रस्ताव ठेवला आहे. पुढील वर्षापासून गुणपत्रकातील 'उच्चार' हा रकाना 'स्पष्टता' असा असावा, त्याला ५ गुण असावेत आणि पहिली दोन मिनिटे परीक्षकांनी काहीही लिहू नये. उच्चार शिकवणे अर्थात थांबणार नाही. 'ळ' शिकवायचा तो वर्गात.

त्या विद्यार्थिनीला बोलावून आम्ही आमची चूक सांगितली. ती लाजून म्हणाली, "सर, मी रोज घरी 'पावसाळा, उन्हाळा, हिवाळा' म्हणून पाहते." आणि तिने म्हणून दाखवले. 'उन्हाळा' अगदी छान जमला होता.