पास-नापास नसलेली परीक्षा

परदेशी शिकावयास अगर नोकरीस जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या घरी हल्ली एक प्रश्न हटकून ऐकू येतो : "त्या इंग्रजीच्या परीक्षेत किती मिळाले म्हणजे पास?" प्रश्न स्वाभाविक आहे. शंभरांपैकी ३५ गुण मिळाले की उत्तीर्ण, हा हिशेब आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे. परंतु ज्या परीक्षेविषयी हे विचारले जाते तिच्यात पास आणि नापास असे काही नसतेच. एवढी एक गोष्ट नीट न उमगल्यामुळे कित्येक घरांचा पैसा, कित्येक तरुणांचे वर्ष आणि त्याहून मोलाचा असा आत्मविश्वास वाया जातो. म्हणून या परीक्षेचे स्वरूप शांतपणे समजून घ्यावे, हाच आमच्या विवेचनाचा हेतू आहे. अशा परीक्षा अनेक आहेत; त्यांपैकी आपल्याकडे सुपरिचित असलेली आयईएलटीएस ही आपण उदाहरणादाखल घेऊ.

ही परीक्षा कशी घडत गेली हे पाहिले म्हणजे तिचा हेतू उघड होतो. केंब्रिज विद्यापीठाने १९१३ साली परकीयांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा सुरू केली, तेव्हा तिला अवघे तीन उमेदवार बसले आणि तिघेही अनुत्तीर्ण झाले. बारा तासांच्या त्या परीक्षेत भाषांतर होते, व्याकरण होते, निबंध होता, इंग्रजी साहित्य होते, उच्चारशास्त्रही होते. परदेशांतील शाळांतून इंग्रजी शिकवू शकेल असा जाणकार पारखावा, असा तिचा रोख होता. दुसऱ्या महायुद्धानंतर काळ पालटला. देशोदेशींचे विद्यार्थी वैद्यक, स्थापत्य, शेतकी शिकण्यासाठी इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जाऊ लागले. त्यांना शेक्सपिअर कितपत कळतो याच्याशी तेथील विद्यापीठांस फारसे कर्तव्य नव्हते. व्याख्यान ऐकून टिपण घेता येते काय आणि आपले म्हणणे कागदावर मांडता येते काय, हे त्यांस पाहावयाचे होते. अमेरिकेत १९६४ साली टोफेल सुरू झाली. ब्रिटिश कौन्सिल आणि केंब्रिज यांनी १९८० साली एक परीक्षा काढली, आणि पुढे ऑस्ट्रेलियाची साथ मिळून १९८९ साली तिचे आयईएलटीएस झाले. 'भाषेविषयी काय माहीत आहे?' या प्रश्नाची जागा 'भाषेने काय करता येते?' या प्रश्नाने घेतली.

परीक्षेची चार अंगे आहेत : श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण. श्रवणाचा भाग सुमारे ३० मिनिटांचा, प्रश्न ४०. साध्या व्यवहारातील बोलण्यापासून आरंभ होऊन शेवटी एका व्याख्यानाचा भाग ऐकावा लागतो, आणि प्रत्येक गोष्ट एकदाच ऐकू येते. वाचनासही ४० प्रश्न आणि ६० मिनिटे. या दोन्हींत चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. म्हणून जागा रिकामी सोडण्यात काही शहाणपण नाही. लेखनासाठी ६० मिनिटे असून दोन मजकूर लिहावयाचे असतात : पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. संभाषण म्हणजे परीक्षकाशी ११ ते १४ मिनिटांची बोलणी. परीक्षेचे मुख्य प्रकार दोन, एक उच्च शिक्षणासाठी आणि दुसरा सर्वसाधारण. दोहोंत श्रवण व संभाषण सारखेच असते. वाचन आणि लेखन मात्र निराळे. उच्च शिक्षणाच्या प्रकारात पहिल्या मजकुरासाठी आलेख किंवा तक्ता शब्दांत सांगावा लागतो, तर सर्वसाधारण प्रकारात पत्र लिहावे लागते.

प्रत्येक अंगास ० ते ९ यांमधील एक श्रेणी मिळते. तिलाच बँड म्हणतात. अर्ध्या श्रेणीही असतात. ५ म्हणजे बेताची भाषा, ६ म्हणजे कामापुरती समर्थ, ७ म्हणजे चांगली, ९ म्हणजे पूर्ण प्रभुत्व. चारही श्रेणींची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्यावर आणली जाते, आणि नेमकी पाव उरली तर वर चढवली जाते. समजा, एखाद्या मुलीस श्रवणात ७, वाचनात ६.५, संभाषणात ६ आणि लेखनात ५.५ मिळाले. बेरीज २५, सरासरी ६.२५, म्हणून एकूण श्रेणी ६.५. घरात आनंद होतो. परंतु विद्यापीठाने एकूण ६.५ मागून, वर 'कोणत्याही अंगात ६ हून कमी नको' अशी अट घातलेली असेल, तर लेखनातील ५.५ मुळे दार बंदच राहते. दुसऱ्या एखाद्या विद्यापीठात तोच कागद खुशाल चालतो.

म्हणजे रेषा परीक्षा आखत नाही. ती बोलावणारी संस्था आखते, आणि ती पुसून दुसरीकडेही आखू शकते. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल चारही अंगांत ७ मागत असे. २०१८ च्या डिसेंबरात तिने लेखनापुरती अट ६.५ वर आणली. आदल्या महिन्यात लेखनात ६.५ मिळवून खट्टू झालेल्या परिचारिकेचे इंग्रजी त्या दिवशी सुधारले नव्हते. तिच्या पुढची रेषा तेवढी सरकली होती. त्याच कौन्सिलने आरोग्यसेवकांसाठी असलेली ओईटी ही निराळी परीक्षाही मान्य केली आहे. तीत रुग्णाविषयीचे पत्र लिहावे लागते आणि रुग्णाशी बोलल्यासारखे बोलावे लागते. वॉर्डात वर्षे काढलेल्या बाईस असे पत्र आलेखाच्या वर्णनापेक्षा जवळचे वाटले तर नवल नाही.

आता आपल्या मुलांची अडचण कोठे येते ते पाहू. महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या इंग्रजी शिकली ती भाषांतराच्या वाटेने. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांनी अनेकांचे व्याकरण पक्के केले, हे ऋण मोठेच आहे. परंतु बोलताना तीच वाट आडवी येते. मराठी वाक्याचे क्रियापद शेवटी येते, इंग्रजीचे कर्त्यापाठोपाठ. मनात मराठी वाक्य जुळवून मग ते उलटवू जाणारा मनुष्य दर वाक्यापाशी अडखळतो. आणि संभाषणात जे चार निकष लावतात, त्यांत ओघ हा एक आहे. शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार हे उरलेले तीन. उच्चारांविषयी वृथा भीती फार. मराठी वळणाने इंग्रजी बोलण्यास बंदी नाही. बोलणे ऐकणाऱ्यास सहज कळले पाहिजे. त्यासाठी साहेबी सूर काढण्याऐवजी शब्दातील जोराकडे लक्ष द्यावे. 'फोटोग्राफ' मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, तर 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्यावर सरकतो. आपण सगळी अक्षरे सारख्या वजनाने उच्चारतो, तेथे परक्याचा कान चुकतो.

लेखनात दुसरी खोड आड येते. सुभाषितांनी नटवलेला निबंध शाळेत शाबासकी मिळवून गेलेला असतो. येथे परीक्षक आधी विचारतो की, प्रश्नाचे उत्तर दिले काय? मग मांडणी, शब्द आणि व्याकरण. कित्येक ठिकाणी तयार निबंध पाठ करून घेतात. हा मार्ग घातक आहे. उत्तर सर्वस्वी पाठ केलेले असल्याचे सिद्ध झाले तर त्याची श्रेणी शून्य आहे.

तेव्हा क्रम असा असावा. ज्या संस्थेत जावयाचे तिची अट आधी वाचावी : कोणती परीक्षा, कोणता प्रकार, एकूण किती, प्रत्येक अंगात किती. निकाल साधारणपणे दोन वर्षेच ग्राह्य धरतात, म्हणून परीक्षेची तारीख प्रवेशाच्या हिशेबाने ठरवावी. मग एक नमुना परीक्षा घड्याळ लावून घरी सोडवावी, आणि जे अंग लंगडे दिसेल त्यावरच मेहनत करावी. शिकवणीची फी भरावयाचीच असेल तर ती यानंतर. श्रवण सुधारावयाचे असलेल्याने व्याकरणाच्या वर्गात पैसे मोजणे म्हणजे पाय दुखत असता डोक्यास लेप लावण्यासारखे आहे.

शेवटी एक गोष्ट आईबापांसाठी. या कागदावरून मुलाची बुद्धी कळत नाही, त्याचे शील कळत नाही, तो गणितात वा शुश्रूषेत किती निपुण आहे हेही कळत नाही. एका विशिष्ट दिवशी, एका विशिष्ट भाषेत त्याला काय करता आले, एवढेच त्यावरून कळते. ५.५ घेऊन आलेला मुलगा नापास झालेला नाही. एका दारापासून तो अर्ध्या पायरीवर उभा आहे, आणि कोणती पायरी ते त्या कागदावर स्पष्ट लिहिलेले आहे. तो कागद त्याच्याबरोबर बसून वाचावा. त्याला दोष देण्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल.