ऑफलीची सतरा वर्षांची पोरं

आयर्लंडच्या मध्यावर ऑफली नावाची काउंटी आहे. दलदलीचा मुलूख, त्यातून पिढ्यान्‌पिढ्या उपसलेलं पीट, त्या पीटवर चाललेली वीजकेंद्रं आणि ती बंद पडल्यावर दुसरा पोटापाण्याचा मार्ग शोधणारी गावं. 2022च्या जनगणनेत इथली लोकसंख्या 83 हजारांच्या आसपास भरली. त्यातही हर्लिंगचं, म्हणजे काठी-चेंडूच्या आयरिश खेळाचं, वेड आहे ते मुख्यतः दक्षिणेकडच्या गावांना. बर, बॅनाहर, कूलडेरी, किलकॉर्मक ही त्यांतली काही. उत्तरेकडे गेलिक फुटबॉलचं राज्य. एवढ्याशा पट्ट्याने 1981, 1985, 1994 आणि 1998 अशी चार वेळा ऑल-आयर्लंड हर्लिंगची अजिंक्यपदं जिंकली. आणि मग याच ऑफलीची अशी घसरण झाली की 2018मध्ये संघ वरच्या गटातून खाली आला आणि 2019मध्ये आणखी एक पायरी उतरून तिसऱ्या दर्जाच्या ख्रिस्टी रिंग चषकात जाऊन पडला.

दुसऱ्या कुठल्याही खेळात अशा वेळी मालक पैसा ओततो, बाहेरून खेळाडू आणतो, दोन वर्षांत संघाचा चेहरा बदलतो. हर्लिंगमध्ये हा रस्ताच नाही. गेलिक ॲथलेटिक असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली जीएए, ही 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्लेस गावातल्या हेज हॉटेलात स्थापन झालेली हौशी संघटना आहे. मोठ्यातला मोठा खेळाडूही सकाळी शाळेत शिकवतो, शेतात राबतो, बँकेत बसतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. ज्या गावात वाढलास त्या गावच्या क्लबकडून आणि त्या क्लबच्या काउंटीकडून खेळायचं, ही इथली रीत. काउंटीजवळ उद्या जे असणार ते तिच्या आजच्या पोरांतूनच यायचं. म्हणून हर्लिंगचं खरं भवितव्य वाचायचं असेल तर मी सप्टेंबरमधल्या जुन्या अंतिम सामन्यांच्या चित्रफिती बघत नाही. पोरांच्या स्पर्धेकडे बघतो.

ही स्पर्धा म्हणजे ऑल-आयर्लंड मायनर अजिंक्यपद. 1928 साली सुरू झाली, पहिलं विजेतेपद कॉर्कने घेतलं. दुसऱ्या महायुद्धात इंधनाची आणि प्रवासाची टंचाई झाली तेव्हा 1942 ते 1944 अशी तीन वर्षं ती भरली नाही. एरवी तिने एका माणसाच्या आयुष्याहून मोठा काळ अखंड पाहिला. पुढे दंतकथा झालेली नावं आधी इथे उमटली. कॉर्कचा ख्रिस्टी रिंग, ज्याच्या नावाचा तो तिसऱ्या दर्जाचा चषक, 1930च्या दशकाच्या शेवटी मायनर म्हणून जिंकला आणि मग मोठ्यांच्या आठ अजिंक्यपदांचा धनी झाला. टिपरेरीचा जिमी डॉइल तर 1954 ते 1957 अशी सलग चार वर्षं मायनरच्या अंतिम सामन्यात उतरला. पहिल्या वर्षी गोलरक्षक म्हणून खेळला आणि हरला. पुढची तिन्ही वर्षं आक्रमणात खेळून जिंकला.

दीर्घकाळ मायनर म्हणजे अठरा वर्षांखालचा मुलगा. 2018पासून ही मर्यादा सतरावर आणली. कारण अगदी घरचं आहे: आयर्लंडमध्ये शालान्त परीक्षा जूनमध्ये असते, आणि स्पर्धेचा कस लागतो तोही त्याच सुमारास. त्यात एकच गुणी मुलगा शाळेच्या, क्लबच्या आणि काउंटीच्या संघांत वाटला जायचा, तिन्हीकडचे प्रशिक्षक त्याला ओढायचे, आणि विशीच्या आतच गुडघे-कंबर बोलू लागायची. निर्णयावर आजही मतभेद आहेत. सतराव्या वर्षी अंगाने न भरलेली मुलं मागे पडतात, ती नंतर परत येत नाहीत, असं म्हणणारे खूप आहेत आणि त्यांचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. तरीही परीक्षेच्या टेबलाशी बसलेल्या मुलाला दोन आगींतून काढलं हे योग्यच झालं.

खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू. मैदान हॉकीच्या मैदानाहून खूप मोठं, 130 ते 145 मीटर लांब. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे: आडव्या दांडीच्या खाली जाळ्यात चेंडू गेला की गोल, त्याचे तीन गुण, दांडीवरून खांबांच्या मधून गेला तर एक गुण. धावफलक म्हणून जोडीने लिहितात. 1-17 म्हणजे एक गोल आणि सतरा गुण, एकूण वीस. चेंडूला स्लिटर म्हणतात. चामड्याचा, कडांची शिवण उठलेला, 110 ते 120 ग्रॅम वजनाचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूहून हलका. तो हवेत मारता येतो, जमिनीवरून मारता येतो, हातात झेलता येतो, पण जमिनीवरून थेट हाताने उचलता येत नाही. हर्लीने, म्हणजे खेळाच्या काठीने, उचलून घ्यावा लागतो. हातात धरून चार पावलं, फार तर. पुढे पळायचं तर चेंडू हर्लीच्या पात्यावर तोलत पळायचं, आणि शेजारी दुसरा माणूस त्याच पात्यावर आपली काठी घालायला टपलेला. 2010पासून सर्व वयोगटांत हेल्मेट सक्तीचं आहे. मोठ्यांचा सामना सत्तर मिनिटांचा, मायनरचा साठ.

हर्लीबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण या खेळाचं मर्म तिथे आहे. ती ॲश झाडाच्या लाकडाची. पण झाडाच्या कुठल्याही भागाची नाही. पंचवीस-तीस वर्षांचं झाड बुंध्यापाशी पाडतात आणि त्याचा सगळ्यांत खालचा, साधारण सव्वा मीटरचा तुकडा घेतात. मुळांकडे फाकत जाणारा फुगारा त्यात आला पाहिजे. त्या फुगाऱ्यात लाकडाचे धागे आपोआप वळलेले असतात. कारागीर फळ्या कापतो, सुकवतो, आणि मग हर्लीचं पातं त्या नैसर्गिक वळणात बसवतो. सरळ धाग्याच्या लाकडाला कापून वळण दिलं तर पातं पहिल्या टकरीत चिरफाळतं. धागा पात्याबरोबर वळला असेल तर काठी लवते, धक्का पिते आणि टिकते. शेवटी रंधा, घासकागद आणि पात्याच्या टोकाला पत्र्याची पट्टी. मुलाच्या उंचीप्रमाणे लांबी इंचांत ठरते आणि तो वाढला की नवी हर्ली. 2012मध्ये आयर्लंडमध्ये ॲशवर बुरशीचा रोग पहिल्यांदा सापडला, बाहेरून आणलेल्या रोपांवर. तेव्हापासून ही झाडं मरत चालली आहेत. लाकूड आता बरंचसं युरोपातून येतं, बांबूच्या आणि कृत्रिम धाग्यांच्या हर्ल्याही मुलांच्या हातात दिसू लागल्या आहेत. 2018मध्ये युनेस्कोने हर्लिंगला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. ज्या झाडावर तो वारसा उभा आहे ते त्याच काळात आजारी पडावं याचं मनापासून वाईट वाटतं.

आता 2022 सालाकडे येतो. त्या वर्षीचा मायनर मोसम मी या खेळातला अलीकडचा सर्वांत महत्त्वाचा पोरांचा मोसम मानतो, आणि तो न जिंकलेल्या संघामुळे मानतो.

ऑफलीने मायनर अजिंक्यपद तीनदा जिंकलं होतं: 1986, 1987 आणि 1989. त्यानंतर काही नाही. लेन्स्टर प्रांताचं पद तर 2000नंतर हाती लागलं नव्हतं. 2022च्या वसंतात लिमरिकहून आलेल्या लिओ ओ'कॉनर यांच्या हाताखालचा हा संघ अचानक उसळला. लेन्स्टरच्या अंतिम सामन्यात त्यांनी शेजारच्या लीश काउंटीला हरवलं. ऑल-आयर्लंड उपांत्य फेरीत क्लेअरला मागे टाकलं. अंगाने लहानखुरा, पण चेंडू हर्लीला चिकटून राहावा असा खेळणारा ॲडम स्क्रीनी या संघात होता, आणि त्याच्याभोवती अशीच धीट मुलं. तिकडे मन्स्टरमध्ये टिपरेरी आणि क्लेअर यांचा प्रांतीय अंतिम सामना जादा वेळेनंतरही सुटला नाही, पेनल्टींवर गेला आणि टिपरेरीने तो काढला. म्हणजे शेवटच्या लढतीत एका बाजूला पेनल्टींपर्यंत जाऊनही न डगमगलेला संघ, दुसऱ्या बाजूला तेहतीस वर्षांची भूक.

3 जुलै 2022, किलकेनी शहरातलं नोलन पार्क. पूर्वी मायनर अंतिम सामना क्रोक पार्कमध्ये मोठ्यांच्या अंतिम सामन्याआधी व्हायचा. स्टँड हळूहळू भरत असताना पोरं खेळून मोकळी व्हायची. त्यात मान होता, ऐंशी हजारांचं मैदान होतं, पण बहुतेक माणसं पुढच्या सामन्यासाठी आलेली असत. या दिवशी वीस हजारांच्या आसपास लोक फक्त या तीस मुलांसाठी आले होते. काउंटीच्या काउंटीने गाड्या काढल्या होत्या. मला हा बदल मोलाचा वाटतो.

सामना भरपाईच्या वेळेत गेला तेव्हा ऑफली 1-16, टिपरेरी 0-17. दोन गुणांची आघाडी. दोन गुण म्हणजे हर्लिंगमध्ये काहीच नाही. एक गोल पुरतो, हे मैदानावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. टिपरेरीला लांबून मारायची संधी मिळाली. इतक्या दूरवरून थेट गोल सहसा होत नाही, म्हणून अशा वेळी चेंडू उंच उचलून गोलसमोरच्या गर्दीत टाकतात आणि पुढचं नशिबावर सोडतात. चेंडू तिथे पडला, काठ्या एकमेकींवर आपटल्या, आणि तो जाळ्यात गेला. 1-17 विरुद्ध 1-16. परत खेळ सुरू करायला जेमतेम वेळ उरला होता. त्या गर्दीत बचाव करणाऱ्याला अडवलं गेलं की नाही यावर पुढे खूप वाद झाला, पण निकाल निकालच राहिला.

शेवटच्या मिनिटांचा हा प्रकार ऑफलीला नवा नव्हता. 1994च्या मोठ्यांच्या अंतिम सामन्यात पाच मिनिटं उरली असताना लिमरिक पाच गुणांनी पुढे होतं; ऑफलीने तेवढ्या वेळात दोन गोल आणि पाच गुण फोडून सामना सहा गुणांनी जिंकला. 1998च्या उपांत्य फेरीत क्लेअरविरुद्ध पंचांनी दोनेक मिनिटं आधीच शिट्टी फुंकली. ऑफलीचे लोक क्रोक पार्कच्या गवतावर उतरून बसले, उठेनात. जीएएने सामना पुन्हा थर्लेसला खेळवला, तो ऑफलीने जिंकला आणि पुढे अजिंक्यपदही. तेव्हा घड्याळ त्यांच्या बाजूने फिरलं होतं. 2022मध्ये ते सतरा वर्षांच्या मुलांवर फिरलं.

पुढचं जे झालं ते मला या मोसमाचाच भाग वाटतं. तीच मुलं, तेच प्रशिक्षक, एक पायरी वर वीस वर्षांखालच्या गटात गेले. 2023मध्ये अंतिम फेरी गाठली आणि कॉर्ककडून 2-22 विरुद्ध 3-13 असे हरले. सलग दोन वर्षं, दोन वयोगटांत, शेवटच्या सामन्यात हार. बरेच संघ इथे विस्कटतात. मुलं कॉलेजला जातात, परदेशी जातात, कुणाचा हात मोडतो, कुणाचं मन. 2024मध्ये ऑफली पुन्हा अंतिम फेरीत आलं. मैदान पुन्हा नोलन पार्क. समोर पुन्हा टिपरेरी. प्रेक्षक पंचवीस हजारांच्या पुढे, आणि निकाल ऑफलीच्या बाजूने, 2-20 विरुद्ध 2-14. ऑफलीने या गटाचं ऑल-आयर्लंड पद त्याआधी कधीच जिंकलेलं नव्हतं. त्याच उन्हाळ्यात मोठ्या संघाने लीशला हरवून दुसऱ्या दर्जाचा जो मॅकडोना चषक घेतला आणि वरच्या गटाचं दार उघडलं.

पोरांच्या संघातून मोठ्यांचा संघ उभा राहतो याची दुसरी साक्ष लिमरिकची आहे. 1973नंतर 45 वर्षं त्यांच्याकडे मोठं पद नव्हतं. काउंटीने लहान वयापासूनचं प्रशिक्षण नीट बांधलं, एकवीस वर्षांखालच्या संघाने 2015 आणि 2017मध्ये अजिंक्यपद घेतलं, 2018मध्ये मोठा संघ जिंकला आणि 2020 ते 2023 सलग चार वर्षं जिंकत राहिला. अर्थात लिमरिकची वस्ती आणि पैसा ऑफलीपेक्षा कितीतरी जास्त. ऑफलीकडे मुलंच कमी आहेत, त्यामुळे एकही हुकून चालत नाही. क्लबात आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांत आलेल्या प्रत्येकाला खेळवण्याचा जीएएचा दंडक आहे, हरणं-जिंकणं मोजायचं नाही. तो मला अशा लहान काउंटीसाठी केवळ सौजन्य वाटत नाही, ती तिची गरज आहे. दहाव्या वर्षी बाकावर बसवलेला मुलगा सतराव्या वर्षी मैदानावर येत नाही.

2025मध्ये ऑफलीचा मोठा संघ लेन्स्टरच्या वरच्या गटात खेळला आणि टिकला. त्या वर्षी खाली गेलं ते अँट्रिम. 2022ला नोलन पार्कवर हरलेल्या मुलांपैकी काही जण आता या संघात आहेत, वयाने विशीच्या उंबरठ्यावरची. 1986 ते 1989च्या मायनर संघांतल्या पोरांना 1994चं अजिंक्यपद पाहायला पाच ते आठ वर्षं लागली होती. तोच हिशेब लावला तर 2022च्या पोरांची वर्षं 2027 ते 2030 येतात, आणि तोवर ऑफलीचा प्रत्येक सामना मी बघणार आहे.