चार टक्के आणि एक पळवाट

नागपूर वसविणारा बख्त बुलंद हा गोंड राजा होता, ही गोष्ट महालांतील पेढ्यांवर बसणाऱ्या किती जणांस आठवते? ज्या समाजाच्या राजानें हें नगर उभें केलें, त्याच समाजाचा उद्योजक सरकारी निविदेच्या दारांत परका ठरावा, यांत कोणाचीच शोभा नाहीं.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें आम्ही म्हणत नाहीं. २०१२ सालच्या आदेशान्वयें केंद्रीय खातीं व कंपन्या यांनीं वार्षिक खरेदीचा ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा आहे. २०१८ सालीं तो शेंकडा २० वरून २५ झाला. त्यांतील शेंकडा ४ अनुसूचित जातिजमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठीं आहे. लघु उद्योगांस निविदेचे कागद विनामूल्य व अनामत रक्कम माफ. शिवाय वेस्टर्न कोलफील्ड्स व मॉइल या केंद्राच्या कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या नागपुरांतच आहेत. म्हणजे गिऱ्हाईक दाराशींच उभें आहे!

परंतु कायद्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा लागतो. अशा उद्योगांनीं निविदा भरली नाहीं, किंवा तिच्या अटी व दर त्यांस साधले नाहींत, तर त्यांचे ४ टक्के इतर लघु उद्योगांकडून भरून काढावे, असें तोच आदेश सांगतो. दुसऱ्याच्या नांवें सहज वळवितां येतो, त्यास हक्क म्हणत नाहींत. ती केवळ सदिच्छा होय. प्रत्यक्ष खरेदी वर्षानुवर्षें चार टक्क्यांच्या पुष्कळ खालीं राहिली, याचें एक मूळ येथें आहे.

कोणी म्हणेल, जो स्वस्त देईल त्याचें घ्यावें. हाच युक्तिवाद एके काळीं मँचेस्टरच्या कापडासाठीं आपणांस ऐकविला जात होता, व १९०५ च्या स्वदेशी चळवळीनें त्यास उत्तर दिलें. ज्यास बाजारांत पाय ठेवूं दिला नाहीं, त्यास बरोबरीच्या स्पर्धेचा उपदेश करणें ही थट्टा होय. ऑस्ट्रेलियानेंहि २०१५ सालीं मूळ रहिवाशांच्या उद्योगांसाठीं सरकारी कंत्राटांत हिस्सा ठरविला.

दुसरें दुखणें पैशाचें. ४५ दिवसांच्या आंत रक्कम न देणाऱ्यावर २००६ च्या कायद्यानें बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज बसविलें आहे. पण ज्याच्याकडून उद्यां पुन्हां काम हवें, त्याच्यावर दावा कोण लावणार?

म्हणून आमची मागणी दोन कलमांची आहे. न भरलेला हिस्सा दुसऱ्यास न देतां पुढील वर्षाच्या खात्यांत ओढावा. आणि उशिराचें व्याज दाव्यावांचून, बिलाबरोबरच द्यावें. व्यापारी बंधूंसहि एक सांगणें आहे. भागीदारींत अशा मालकाचा वांटा निदान ५१ टक्के हवा, अशी अट आहे. नांवापुरता भागीदार पुढें करून ती कागदावर साधणें, म्हणजे दुबळ्याच्या ताटांतील घांस उचलणें होय. त्यापेक्षां त्यास कच्चा माल उधार द्या. त्याचा कारखाना चालला, तर आपल्या पेढीचेंहि खातें वाढेल.