नवे यंत्र, जुनी खतावणी

दिवाळीत नव्या वहीचे पूजन झाले की मागील शिल्लक पुढे ओढून व्यवहार सुरू होतो. संगणक बदलताना मात्र गोष्ट इतकी सरळ राहत नाही. वीस-पंचवीस वर्षे बिनतक्रार चाललेला हिशेबाचा प्रोग्राम नव्या, महागड्या यंत्रावर उघडतच नाही, हा अनुभव अनेक पेढ्यांना आला आहे. दोष बहुधा विक्रेत्याचा नसतो आणि प्रोग्रामही ‘बिघडलेला’ नसतो. तो ज्या यंत्राला गृहीत धरून लिहिला गेला, ते यंत्रच उरलेले नसते.

केवळ वेग वाढल्यानेही प्रोग्राम बंद पडू शकतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले डॉसचे अनेक प्रोग्राम सुरू होताना यंत्राचा वेग मोजत. सुमारे ५५ मिलिसेकंदांत एक छोटे आवर्तन किती वेळा पूर्ण होते ते मोजायचे आणि त्या संख्येला ५५ने भागायचे. उत्तर ६५,५३५च्या आत बसेल, असे लिहिणाऱ्यांनी धरले होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुमारे २०० मेगाहर्ट्झचे प्रोसेसर आले, उत्तर त्या कप्प्यात मावेना, आणि पडद्यावर ‘शून्याने भागाकार’ अशी त्रुटी झळकू लागली. वास्तविक शून्याने कोणीच भागले नव्हते! आपल्याकडे हिशेबासाठी रूढ असलेल्या फॉक्सप्रोच्या जुन्या आवृत्त्यांनाही वेगवान यंत्रांवर अशाच त्रुटीने गाठले.

आजची अडचण निराळी आहे. डॉसकाळातील बहुतेक प्रोग्राम १६ बिटचे. ३२ बिटची विंडोज त्यांना सांभाळून घेत असे, ६४ बिटची घेत नाही. आणि विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्येच मिळते. विंडोज १०चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने यंत्र बदलणे अनेकांना भाग पडले. त्यात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची भर. कार्बन प्रतींची बिले छापणारा जुना प्रोग्राम थेट पॅरलल पोर्टशी बोलतो, आणि नव्या संगणकाला बहुधा ते पोर्टच नसते.

वेगासाठी पैसे कोठे घालावेत, हाही व्यापाऱ्याच्या हिशेबाचाच प्रश्न. एकच काम एका वेळी करणाऱ्या जुन्या प्रोग्रामला प्रोसेसरमधील आठ कोअरचा फारसा उपयोग नाही. फिरत्या हार्ड डिस्कला विखुरलेल्या नोंदी शोधताना दर शोधाला साधारण दहा मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर शोध. एसएसडीत फिरणारा भागच नसल्याने हा वेळ जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे पाच वर्षांचा खातेउतारा काढणाऱ्याला एसएसडीचा खर्च अधिक लाभतो.

जुना संगणक भंगारात देण्याची घाई मात्र करू नये. जीएसटी कायद्यानुसार हिशेबपुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. प्रोग्राम उघडत नसेल तर नुसत्या फाइली दाखवून भागत नाही. जुने यंत्र चालू असतानाच सर्व खाती, रोजमेळ व ताळेबंद एक्सेल वा पीडीएफ स्वरूपात काढून दोन ठिकाणी ठेवावेत. प्रोग्रामचा परवाना त्या यंत्राशी बांधलेला असल्यास तो आधी रीतसर सोडवून घ्यावा. तरीही जुना प्रोग्रामच हवा असेल, तर नव्या संगणकात ‘व्हर्च्युअल मशीन’ उभारून त्यात ३२ बिटची जुनी विंडोज चालवता येते. तिला इंटरनेटपासून दूर ठेवावे आणि छपाईची चाचणी आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी घ्यावी, मार्चच्या अखेरच्या आठवड्यात नव्हे.