‘पोमे!’ : दॉमिनिका चिबुल्कोव्हाची झुंज

टेनिसमध्ये उंचीचा हिशेब निष्ठुर असतो. उंच खेळाडूची सर्व्हिस वरून खाली उतरते आणि तिला फुकटचे गुण मिळवून देते. बुटक्या खेळाडूला तेच गुण धावून, घाम गाळून कमवावे लागतात. ब्रातिस्लाव्हात १९८९ साली जन्मलेल्या दॉमिनिका चिबुल्कोव्हाची उंची होती १६१ सेंटिमीटर. अशा खेळाडूने चेंडू परतवत राहावे आणि समोरचीच्या चुकांची वाट पाहावी, हा रूढ मार्ग. तिने तो नाकारला. चेंडू उसळून खांद्याच्या वर जाण्याआधीच ती तो गाठायची आणि सगळे अंग झोकून, पुष्कळदा दोन्ही पाय जमिनीवरून उचलून फोरहँड मारायची. मग मूठ आवळून ‘पोमे!’ अशी आरोळी. स्लोव्हाक भाषेत ‘चला!’ प्रतिस्पर्ध्यांना ती किती सुखावत असेल, हा प्रश्नच आहे.

या खेळाला जोखीम जडलेली होती. २०१२ साली मायामीत जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या व्हिक्टोरिया अझारेन्काविरुद्ध ६-१, ५-२ अशी आघाडी घेऊन ती हरली. पण दोनच महिन्यांनी पॅरिसमध्ये तिने त्याच अझारेन्काला सरळ दोन सेटमध्ये स्पर्धेबाहेर काढले. तिची ईर्ष्या म्हणजे नुसता आक्रस्ताळेपणा नव्हता, हे अशा परतफेडींतून कळते.

सर्वांत बोलका हिशेब पोलंडच्या आग्निएश्का रादवान्स्काबरोबरचा. जानेवारी २०१३ मध्ये सिडनीच्या अंतिम सामन्यात रादवान्स्काने तिला ६-०, ६-० असे धुतले. एकही गेम नाही! व्यावसायिक खेळाडूच्या वाट्याला याहून मोठी नामुष्की क्वचित येते. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या अंतिम सामन्यात पहिला सेट गमावूनही चिबुल्कोव्हा जिंकली. जानेवारी २०१४ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य सामन्यात, ६-१, ६-२. ग्रँड स्लॅमच्या एकेरीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली स्लोव्हाक महिला ठरली. तिथे चीनच्या ली नाने तिला हरवले. पहिला सेट टायब्रेकपर्यंत गेला, दुसऱ्यात मात्र हाती पुन्हा शून्य.

पुढच्या वर्षी टाचेच्या स्नायुबंधावर शस्त्रक्रिया झाली आणि क्रमवारीत ती पन्नासच्याही खाली घसरली. २०१६ च्या विम्बल्डनमध्ये रादवान्स्का पुन्हा समोर आली. चिबुल्कोव्हाने तिसरा सेट ९-७ असा जिंकला. गंमत अशी, की तिचे लग्न ९ जुलैला ठरले होते आणि महिलांचा अंतिम सामनाही त्याच दिवशी होता. लग्न पुढे ढकलायची तिची तयारी होती. पुढच्याच फेरीत ती हरली आणि लग्न ठरल्या दिवशी लागले.

त्याच वर्षाच्या अखेरीस सिंगापूरला मोसमातल्या अव्वल आठ जणींची स्पर्धा झाली. चिबुल्कोव्हा गटातले पहिले दोन्ही सामने हरली. तिसऱ्यात सिमोना हालेपला नमवले, तरी पुढे जाणे अँजेलिक केर्बरच्या निकालावर अवलंबून होते. केर्बरने मॅडिसन कीजला हरवले आणि दार उघडले. उपांत्य सामन्यात स्वेतलाना कुझनेत्सोव्हाविरुद्धही पहिला सेट १-६ असा गेला होता. अंतिम सामन्यात मात्र तिने त्याच केर्बरला, त्या वेळच्या अव्वल खेळाडूला, ६-३, ६-४ असे हरवले. शेवटचा चेंडू जाळ्याच्या पट्टीला लागला, क्षणभर घुटमळला आणि केर्बरच्या बाजूला पडला.