संगणकातील फाइल : परवानगी कोणाची, तपासणी केव्हा?

शासकीय कार्यालयातील अभिलेखपालाकडे अभिलेख कक्षातील सर्व कपाटांच्या किल्ल्या असतात. एखादा अर्जदार जुन्या कागदाची नक्कल मागण्यासाठी आला, तर तो कागद अभिलेखपालास काढता येईल काय, हा प्रश्नच उद्भवत नाही. त्यास कोणताही कागद काढता येतो. विचारावयाचे असते ते हे की, तो कागद पाहण्याचा अधिकार अर्जदारास आहे काय. या दोन प्रश्नांची गल्लत झाली, तर एकाच्या सेवापुस्तकाची किंवा जमिनीच्या कागदाची नक्कल भलत्याच्याच हाती पडेल, आणि तीही कुलूप न फोडता, खुद्द अभिलेखपालाच्या हातून.

संगणकाच्या कारभारात असा प्रसंग क्षणोक्षणी येतो. फाइल उघडण्याची, तीत लिहिण्याची किंवा ती पुसून टाकण्याची मागणी होते आणि त्या मागणीचा निर्णय प्रणालीला करावा लागतो. वरवर पाहता हा निर्णय सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो चुकल्यामुळे संगणकाचा संपूर्ण ताबा परक्याच्या हाती जाऊ शकतो, आणि ही चूक बहुधा परवानग्या देण्यात नसते, त्या तपासण्याच्या रीतीत असते.

नऊ खुणा

ही रीत समजून घेण्यासाठी युनिक्स या प्रणालीकडे वळणे इष्ट ठरेल. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून ती घडविली. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिच्याच धर्तीवर लिनक्स प्रणालीचा गाभा लिहून प्रसिद्ध केला. अँड्रॉइडवर चालणाऱ्या मोबाइल फोनमध्ये हाच गाभा असल्यामुळे युनिक्सची परवानगी-पद्धती आज खेड्यापाड्यांतही पोचली आहे, मग फोन वापरणाऱ्यास तिचे नाव ठाऊक असो वा नसो. अँड्रॉइडमध्ये सर्वसाधारणपणे प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता समजून वेगळा क्रमांक दिला जातो, जेणेकरून एका ॲपने दुसऱ्याच्या खासगी फाइली चाळू नयेत.

युनिक्समध्ये प्रत्येक फाइलला एक मालक व एक गट असतो. मालक, गटातील सदस्य आणि इतर सर्व अशा तीन वर्गांसाठी वाचणे, लिहिणे व चालविणे या तीन परवानग्या, म्हणजे एकूण नऊ खुणा, फाइलसोबत नोंदलेल्या असतात. येथेच पहिला खळगा आहे. मागणी करणारा स्वतः मालक असेल तर केवळ मालकाच्या तीन खुणा पाहिल्या जातात. मालक नसून गटात असेल तर केवळ गटाच्या. आणि दोन्ही नसेल तरच इतरांच्या. मालकास वाचण्याची मनाई आणि इतरांस मुभा अशी स्थिती असेल, तर मालकास नकार मिळतो, जरी अन्य कोणालाही ती फाइल वाचता येत असली तरी. तिन्ही वर्गांच्या खुणा एकत्र चाळून कोठेतरी परवानगी सापडते काय, असे पाहणारी आज्ञावली अशा वेळी चुकीचे उत्तर देते.

शिवाय फाइलपर्यंत जाणाऱ्या वाटेवरील प्रत्येक फोल्डरमधून पुढे जाण्याची परवानगी लागते. फाइल पुसून टाकण्यासाठी तर त्या फाइलवर नव्हे, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहिण्याची परवानगी असावी लागते. कागद नाहीसा करण्याचा अधिकार कागदावर नसून कपाटावर अवलंबून असावा, हे नवख्यास चमत्कारिक वाटते. परंतु पुसणे म्हणजे फोल्डरमधील यादीतून नाव खोडणे होय, हे ध्यानात घेतले की त्यातील संगती दिसू लागते. वाचण्या-लिहिण्याच्या या सर्व निर्बंधांतून ‘रूट’ नावाचा सर्वाधिकारी वापरकर्ता मुक्त असतो.

एक आज्ञावली, दोन ओळखी

सामान्य वापरकर्त्यास स्वतःचा परवलीचा शब्द बदलता आला पाहिजे. पण हे शब्द ज्या फाइलीत सांकेतिक रूपात नोंदलेले असतात, तीत त्यास हात घालू देणे धोक्याचे. तसे दिले तर तो दुसऱ्याचाही शब्द बदलील. या पेचावर डेनिस रिची यांनी काढलेला तोडगा असा की, आज्ञावलीच्या फाइलवर आणखी एक विशेष खूण करावी. ती असल्यास आज्ञावली कोणीही चालविली तरी ती तिच्या मालकाच्या अधिकाराने चालेल. या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ मध्ये अर्ज करण्यात आला आणि १९७९ मध्ये ते मंजूर झाले. परवलीचा शब्द बदलणारी आज्ञावली रूटच्या मालकीची असते व तिच्यावर ही खूण असते. ती चालू असताना तिच्या दोन ओळखी असतात : ज्याने ती सुरू केली त्याची खरी ओळख, आणि जिच्या बळावर ती काम करते ती प्रभावी ओळख. वर सांगितलेला अभिलेखपाल तो हाच.

अशा दुहेरी अधिकारातून काय घडू शकते, याचे बोधक उदाहरण नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या लेखात आढळते. ते युनिक्समधील नसून टाइमशेअर या अमेरिकन कंपनीच्या संगणकावरील आहे. तेथील एका भाषांतरक आज्ञावलीस वापराची आकडेवारी नोंदविण्यासाठी स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहिण्याचा खास अधिकार देण्यात आला होता. ग्राहकांच्या बिलांची फाइल त्याच फोल्डरमध्ये होती. एका वापरकर्त्याने आपले निष्कर्ष कोठे लिहावेत म्हणून नेमके त्या बिलांच्या फाइलचे नाव दिले. त्यास स्वतःला त्या फाइलीत लिहिता आले नसते. पण आज्ञावलीस लिहिता येत होते, आणि तिने लिहिले. बिलांची माहिती नष्ट झाली. दिलेले नाव कोणाच्या अधिकाराने वापरावयाचे, आपल्या की सांगणाऱ्याच्या, हे त्या आज्ञावलीस कळत नव्हते. हार्डी यांनी तिला दिलेल्या इंग्रजी नावाचा आशय ‘गोंधळलेला मुखत्यार’ या शब्दांत सांगता येईल.

मधल्या क्षणाचा घात

युनिक्सच्या कर्त्यांना या गल्लतीची जाणीव होती. म्हणूनच ‘ॲक्सेस’ नावाची एक विचारणा प्रणालीत ठेवण्यात आली. विशेष अधिकाराने चालणारी आज्ञावली तिच्याद्वारे असे विचारू शकते की, आपली प्रभावी ओळख बाजूस ठेवली, तर आपणास सुरू करणाऱ्या माणसाला ही फाइल वाचता किंवा लिहिता येईल काय? उत्तर होकारार्थी आले की आज्ञावली फाइल उघडते. प्रश्न योग्य, उत्तरही खरे. तरीही ही रीत सदोष आहे.

दोष आहे तो विचारणे आणि उघडणे ही दोन वेगळी कामे असण्यात. संगणक एका वेळी अनेक आज्ञावल्या चालवितो आणि कोणत्याही आज्ञावलीस मध्येच थांबवून दुसरीला पाळी देतो. विचारणा झाल्यानंतर व फाइल उघडण्यापूर्वी पुष्कळ काही घडू शकते. अभिलेखपालाने अर्जदाराचा अधिकार नोंदवहीत तपासला, रुमालावरील चिठ्ठीचा क्रमांक मनात धरला आणि तो किल्ली आणावयास वळला. तेवढ्यात कोणी ती चिठ्ठी काढून दुसऱ्या रुमालास लावली, तर परत येऊन तो इमानेइतबारे भलताच रुमाल सोडील.

संगणकात चिठ्ठी बदलण्याचे साधन म्हणजे सांकेतिक दुवा होय. १९८३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील युनिक्स-आवृत्तीतून तो प्रचारात आला. या दुव्यात स्वतःचा मजकूर नसतो. ‘अमुक फाइल पाहा’ एवढाच निर्देश असतो, आणि उघडणारा आपोआप तिकडे वळतो. एखाद्या वापरकर्त्याने रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीस सांगितले की, माझ्या फोल्डरमधील ‘नोंद’ या फाइलीत टिपण लिही. विचारणेच्या वेळी ‘नोंद’ ही त्याचीच साधी फाइल असते, म्हणून होकार मिळतो. लगेच तो ती पुसून त्याच नावाचा दुवा तयार करतो. दुवा परवलीच्या फाइलकडे बोट दाखवितो. आज्ञावली ‘नोंद’ उघडते, ती रूट असल्यामुळे तिला कोणी अडवीत नाही, आणि त्याने पुरविलेला मजकूर परवलीच्या फाइलीत जाऊन बसतो. त्या मजकुरात रूटचे अधिकार असलेला नवा वापरकर्ता नोंदविला असेल, तर सर्व संगणकच त्याचा होतो. ही मधली वेळ सेकंदाचा अत्यल्प अंश असते हे खरे. पण प्रयत्न करणाऱ्यास तो हजारो वेळा करता येतो आणि एकदाच साधावा लागतो.

हा धोका केवळ पुस्तकी नव्हता. ‘एक्सटर्म’ ही युनिक्सवरील एक नित्याची खिडकी-आज्ञावली. अनेक ठिकाणी ती रूटच्या अधिकाराने चालत असे व पडद्यावरील मजकूर फाइलीत नोंदून ठेवण्याची सोय तीत होती. या सोयीतून स्थानिक वापरकर्त्यास संगणकावरील कोणतीही फाइल निर्माण करता किंवा बदलता येते, असा इशारा अमेरिकेतील ‘सर्ट’ या सुरक्षा-समन्वय केंद्राला नोव्हेंबर १९९३ मध्ये काढावा लागला. तपासणी व वापर यांच्यातील वेळेच्या दोषाची चर्चा आयबीएमच्या नियतकालिकात डब्ल्यू. एस. मॅकफी यांनी १९७४ मध्येच केली होती. जवळजवळ वीस वर्षांनंतरही तो दोष नित्याच्या वापरातील आज्ञावलीत सापडावा, यावरून तो किती सहज हातून घडतो हे दिसते. मॅट बिशप व मायकेल डिल्गर यांनी १९९६ मध्ये या प्रकारच्या दोषांचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

काहींनी मधली फट बुजविण्याऐवजी ती अरुंद करण्याचा मार्ग सुचविला. ड्रू डीन व ॲलन हू यांनी २००४ मध्ये असे मांडले की, विचारणा आणि उघडणे ही जोडी लागोपाठ अनेक वेळा करावी व दर वेळी तीच फाइल हाती येते ना, हे पाहावे. म्हणजे हल्ला करणाऱ्यास प्रत्येक फेरी जिंकावी लागेल. युक्ती चतुर होती, पण ती वर्षभरच टिकली. २००५ मध्ये निकिता बोरिसोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकात एक गुंफलेल्या असंख्य फोल्डरांचा व दुव्यांचा चक्रव्यूह रचून दाखविला. त्यातून वाट काढताना आज्ञावलीस चकतीवरील माहितीची वाट पाहत इतके रेंगाळावे लागते की, प्रत्येक फेरीत चिठ्ठी बदलावयास सवड मिळते.

अधिकार उतरवून उघडणे

खरा उपाय याहून साधा आहे. अर्जदाराच्या अधिकाराविषयी विचारणा करण्याऐवजी आज्ञावलीने स्वतःचा विशेष अधिकार काही काळ उतरवून ठेवावा, म्हणजे प्रभावी ओळख अर्जदाराची करावी, आणि मग थेट फाइल उघडावी. परवानगी नसेल तर प्रणालीचा गाभाच नकार देईल. चिठ्ठी मध्येच बदलली तरी अर्जदाराला जे मिळाले नसते ते आज्ञावलीलाही मिळणार नाही. येथे तपासणी आणि वापर हे एकच कृत्य होते. मध्ये शिरावयास जागा राहत नाही.

फाइल एकदा उघडली की गाभा तिचा एक हस्तक-क्रमांक देतो. तो नावाशी नव्हे, प्रत्यक्ष फाइलशी बांधलेला असतो. नंतर नाव बदलले तरी हातातील रुमाल बदलत नाही. म्हणून मालक कोण, फाइल साधी आहे की अन्य काही, इत्यादी चौकशी या क्रमांकावरून करावी, पुन्हा नावावरून करू नये.

अधिकार उतरविण्यातही पथ्ये आहेत. तो कायमचा सोडावयाचा असेल तर गटाची ओळख आधी व वापरकर्त्याची नंतर सोडावी लागते. क्रम उलटा झाला तर गट सोडण्याचा अधिकारच हातून गेलेला असतो. आणि ओळख बदलण्याची आज्ञा सफल झाली की नाही, हे पाहिल्यावाचून पुढे जाणे म्हणजे किल्ल्या परत केल्या असे समजून त्या खिशात घेऊन फिरणे होय. या आज्ञांचे वर्तन युनिक्सच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत निरनिराळे असते, हे हाओ चेन, डेव्हिड वॅग्नर व ड्रू डीन यांनी २००२ मध्ये तपशिलाने दाखवून दिले.

खुणा मोजण्याचा मोह

नऊ खुणा स्वतःच वाचून निर्णय करण्याचा मोह अनेक आज्ञावलीकारांना होतो. तो ‘ॲक्सेस’हूनही वाईट. फाइल दूरच्या संगणकावर असेल तर निर्णय तेथील संगणकाचा असतो. तो पुष्कळदा परक्या रूटला सर्वाधिकारी मानीतच नाही. खुणांत लिहिण्याची मुभा दिसत असली तरी सबंध चकतीच केवळ वाचनासाठी जोडलेली असू शकते. नऊ खुणांखेरीज व्यक्तिवार परवानग्यांची वेगळी यादीही फाइलला जोडलेली असू शकते. म्हणूनच १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनएफएस या फाइल-वाटप पद्धतीच्या तिसऱ्या आवृत्तीत, दूरच्या संगणकालाच परवानगी विचारण्याची स्वतंत्र सोय करण्यात आली. खुद्द लिनक्सवरील मूलभूत ग्रंथालय-आज्ञावलीतही प्रभावी ओळखीने केलेल्या विचारणेचे उत्तर बरीच वर्षे खुणा मोजूनच दिले जाई व व्यक्तिवार यादी दुर्लक्षित राही. गाभ्यालाच ते विचारता यावे यासाठीची नवी सोय २०२० मध्ये लिनक्सच्या ५.८ या आवृत्तीत आली.

‘ॲक्सेस’ अद्याप प्रणालीत आहे. विशेष अधिकाराने चालणाऱ्या आज्ञावलीने फाइल उघडण्यापूर्वीची तपासणी म्हणून तिच्यावर विसंबू नये, असा इशारा लिनक्सच्या माहितीपुस्तिकेत तिच्या वर्णनातच छापलेला असतो. मजकूर-संपादक आज्ञावलीने फाइल उघडताच ‘ही फाइल आपणास बदलता येणार नाही’ असे वापरकर्त्यास आगाऊ कळवावे, एवढ्या कामापुरती ती उपयुक्त आहे. कारण तेथे उत्तर चुकले, तरी मजकूर जतन करण्याच्या वेळी गाभा आपला निर्णय नव्याने देतोच.